नीट बसणारी मुलगी

भवानीपूर, कोलकाता
१८ नोव्हेंबर २०२५

वैदेही,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज पोचत नाहीत, म्हणजे तू मला ब्लॉक केलं आहेस एवढं मलाही कळतं. उभी नोकरी टेलिफोन खात्यात गेली माझी. अख्ख्या कलकत्त्याच्या तक्रारी ऐकून लोकांचे फोन चालू करून दिले, आणि स्वतःच्या मुलीचा लागत नाही. तर म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, आणि उन्मेषकडून वाचून घेणं तुला आवडणार नाही.

त्याच्यावर चिडू नकोस, पण त्यानेच मला सांगितलं. तुला दिवस गेलेत आणि सातवा लागतोय. मी "छान झालं" म्हटलं, तुझी तब्येत विचारली, फोन ठेवला. मग धिरड्यांसाठी डाळ वाटायला घेतली होती ती वाटतच राहिले, पार पाणी झालं तिचं. जावयाच्या तोंडून कळावं, तेही सातव्यात, याचा राग आलाय मला आणि तो मी लपवणार नाही. आनंदही झालाय. दोन्ही एकदम होतंय, त्यामुळे कालपासून ब्लडप्रेशरची गोळी घेतली की नाही तेच आठवत नाही.

तो म्हणाला, तुला दिवाणखान्यातला तो फोटो हवाय. लाल ठिपक्यांचा फ्रॉक, स्टूल, मांडीत प्लास्टिकचा पोपट. पाळण्याच्या वर लावायचाय. "आई, तिचं म्हणणं असं, की बाळ कुणावर गेलंय हे बघायला तिच्याकडे तेवढा एकच चेहरा आहे," असं म्हणाला, फार जपून. गुणी मुलगा आहे. आणि तुझं म्हणणं खरंच आहे. अनाथाश्रमाने आधी तो फोटो पाठवला, आम्ही तो बघून हो म्हटलं आणि मग बेहालाला जाऊन तुला घेऊन आलो, ही गोष्ट तू लहानपणी जेवताना रोज सांगायला लावायचीस. आमच्याकडे येण्याआधीचं तुझं असं दुसरं काही नाही. अंगावरचे कपडेसुद्धा आश्रमाने परत मागून घेतले होते.

बाबांच्या तेराव्याला तू म्हणालीस, मला त्या आश्रमात जाऊन माझी चौकशी करायचीय. मी म्हटलं, तिथे काय ठेवलंय आता, आणि आम्ही काय कमी केलं तुला. सगळ्यांच्या देखत म्हटलं. त्यातलं दुसरं वाक्य मी परत म्हणणार नाही. पहिलं अजूनही म्हणेन.

असो. फोटो खाली काढला. आपल्या इथल्या दमट हवेने कडेकडेने बुरशी धरलीय. फ्रेम उघडली, आतली पुठ्ठ्याची चौकट सोडवली, तर खाली फोटो आणखी दोन बोटं निघाला. डाव्या कडेला दुसऱ्याच कुठल्या तरी पोराचा हात आलाय, फ्रॉकचं टोक धरलेला, आणि त्यामागे धुरकट डोकं. म्हणूनच झाकून टाकलं असणार. एस्प्लनेडला एक दुकान आहे, ते जुने फोटो साफ करून मोठी प्रत काढून देतात. तिकडे देते आणि आला की लगेच पुण्याला पाठवते.

भिंतीवर तेवढा चौकोन मूळच्या पिवळ्या रंगाचा राहिलाय. बाबा गेल्यापासून सकाळचा चहा मी त्या फोटोसमोर बसून घ्यायचे. जरा बोलायचेही. आता चौकोनाशी बोलते, दुसरं कोण आहे.

जपून राहा. जिने चढू नकोस उगाच.

आई


२९ नोव्हेंबर

वैदेही,

फोटो अजून निघाला नाही म्हणून उन्मेषने दोनदा विचारलं. निघेल. इथे कुरियरवाल्यांचं काही खरं नाही, आणि मला सर्दी झाली होती, आणि एवढी मोठी वस्तू पॅक करायची म्हणजे नीट पुठ्ठा हवा. तोही मिळाला पाहिजे.

प्रत आली आहे, तशी. फार स्पष्ट आली आहे. एवढी स्पष्ट कशाला काढतात कोण जाणे. दुकानातल्या माणसाने मला त्याच्या कॉम्प्युटरवर दाखवली, चेहरा पडदाभर करून. पापणीचे केस मोजता येतील इतकी. मी त्याला म्हटलं, पुरे, बंद कर.

सहज विचारते. तुझ्या उजव्या भुवईवरची ती खूण आमच्याकडे यायच्या आधीचीच ना? म्हणजे मला तरी तसंच आठवतं. तू आलीस त्याच दिवशी बाबांनी डॉक्टरांना दाखवलं होतं आणि ते म्हणाले होते, जुनी आहे, भाजलं असावं तान्ही असताना. तुला कुणी काही वेगळं सांगितलं असेल तर कळव. काही विशेष नाही. त्या काळी स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून डाग, पुटकुळ्या सगळं घालवायचे. माझ्या लग्नाच्या फोटोत माझ्या हनुवटीवरचा तीळ घालवलाय, मी तेव्हाही भांडले होते. तसंच असणार.

प्रत मी कपाटावर ठेवली आहे, उलटी करून. धूळ बसू नये म्हणून.

थंडी पडायला लागली इथे. तुला आठवतं, कपाटावर काही ठेवलं की तू ते रात्री आपल्याकडे बघतं म्हणून खाली काढायला लावायचीस? मी ओरडायचे तुला.

आई


१० डिसेंबर

वैदेही,

मागच्या पत्रात मी टाळाटाळ केली. सर्दीबिर्दी काही झाली नव्हती.

हे तुला आत्ता सांगावं की बाळ झाल्यावर, यावर आठवडा घालवला. शेवटी उन्मेषला विचारलं. तो म्हणाला, "आई, तिला पुढे कधी कळलं की तुम्हाला माहीत होतं, तर ती तुमच्याकडे परत वळूनसुद्धा बघणार नाही." तर बसून वाच. पाणी जवळ ठेव.

त्या फोटोत भुवईवर खूण नाही. त्याचं मी स्वतःला पेन्सिलीचं कारण दिलं, तुलाही दिलं. पण मग मी कपाटावरची प्रत काढली आणि कान बघितले. तुझ्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे. कान टोचताना बहूबाजारचा सोनार कुरकुरला होता, भोक पाडायला जागाच नाही म्हणून. फोटोतल्या मुलीच्या पाळ्या सुट्या आहेत, चांगल्या लोंबत्या. पेन्सिलीने खूण घालवता येते, कान नाही घालवता येत.

ती तू नाहीस.

लिहून झालं. अक्षर लागत नसेल तर उन्मेषला दाखव आता, काही हरकत नाही.

तू म्हणशील, इतकी वर्षं दिसलं कसं नाही तुला. बरोबर आहे. तू आलीस तेव्हा गोवर होऊन गेला होता तुला, डोकं भादरलेलं, अंगावर मूठभर मांस नाही. फोटोत मोठी दिसते, मी म्हटलं होतं. बाबा म्हणाले, फोटोत पोरं मोठीच दिसतात. मग तू बाळसं धरलंस, केस आले, आणि जो तो घरात शिरला की फोटो बघून म्हणायचा, अगदी तीच हो, डोळे तर तेच. महाराष्ट्र निवासातल्या झाडून सगळ्या बायका म्हणाल्या असतील. इतक्या जणांनी म्हटल्यावर मला तेच दिसायला लागलं. खोटं नाही सांगत, मला त्या मुलीत तू दिसायचीस. अजूनही क्षणभर दिसतेस.

आता मात्र मी त्या खोलीत बसू शकत नाही. तुझे सगळे वाढदिवस आपण तिच्यासमोर केले. तू पुण्याला गेल्यावर गणपतीच्या नैवेद्यातला मोदक मी तिच्यापुढे ठेवायचे, तुझा म्हणून. कुठल्या तरी परक्या मुलीला आपण घरात बसवलं आणि तिला तिच्या नावाने एकदाही हाक मारली नाही. मेलेल्या माणसाच्या फोटोला निदान हार असतो. ही आहे की नाही तेही माहीत नाही. गोवराच्या साथीत गेली असेल तर, असं एकदा मनात आलं आणि तेव्हापासून ती माझ्याकडे बघते ते वेगळंच बघते.

तर मी बेहालाला निघाले आहे. जिथे तुला जाऊ दिलं नाही तिथे मी चाललेय. हस हवं तर.

तुझ्या बाळासाठी तुला एक चेहरा हवा होता आणि मी तोही काढून घेतला. पण खोटा चेहरा पाळण्यावर टांगून मला जगता येणार नाही, आणि तुलाही आवडलं नसतं. तुझं काय जे असेल ते शोधून आणते. रिकाम्या हाताने परत येणार नाही.

आई


१६ डिसेंबर

वैदेही,

जाऊन आले. सगळं क्रमाने सांगते, मधली पानं सोडू नकोस.

आश्रम तिथेच आहे. वरती एक मजला चढलाय, पाटी नवी आहे. मी गेले तो नेमका त्यांचा फोटोचा दिवस निघाला. दर हिवाळ्यात सगळ्या मुलांचे फोटो काढतात, शाळेसाठी, आणि ज्यांना दत्तक द्यायचंय त्यांचे संगणकावर जातात. अंगणात पेरूच्या झाडाला निळी चादर बांधली होती, पुढे स्टूल. सॉल्ट लेकच्या कुठल्याशा ऑफिसातली एक मुलगी मोठा कॅमेरा घेऊन आली होती, हौशी असावी, सारखी गुडघ्यावर बसत होती. पोरं रांगेत. कुणाच्या नाकाला शेंबूड, कुणी पायातली चप्पल हातात घेतलेली. मला एकदम वाटलं, यांतलं कुणाचं तोंड कुणाच्या घरी जाणार आहे आता.

आश्रमाच्या ज्या मुख्य आहेत, त्यांना सगळे दीदी म्हणतात, त्या तुला आणल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आल्या. त्यांना काही माहीत असायचं कारण नव्हतं. मी पिशवीतून फोटो काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, फोटोकडे बघितलं आणि मग खिडकीतून अंगणात बघितलं. म्हणाल्या, "ही तर आमची शेफाली."

मी म्हटलं, "आहे ती?"

"आहे म्हणजे? ती काय, वेण्या घालतेय."

स्टुलापलीकडे एक बाई एका मुलीच्या केसांना तेल लावत होती. तुझ्यापेक्षा जरा मोठी, अंगाने भरलेली, साधी कॉटनची साडी. कंगवा दातांत धरलेला. दीदींनी हाक मारली तशी तिने मान वळवली. काय सांगू तुला. मी रोज सकाळी ज्या तोंडाशी बोलते ते तोंड केस पिकायला लागलेलं, डोळ्यांखाली काळं आलेलं, चालत माझ्याकडे आलं. ती म्हणाली, "माशीमा, बसा," आणि कंगवा तोंडातून काढून पदराला पुसला.

फोटो तिच्या हातात दिला. ती बघतच राहिली. मग बोट लावलं, पोपटावर, चेहऱ्यावर नाही. म्हणाली, "हा फुटला होता, मागून. फुटलेली बाजू माझ्याकडे करून धरायला सांगायचे." आणि मग, "मी एवढी लहान होते?"

तिने तो कधी बघितलाच नव्हता. काढलेल्या प्रती सगळ्या बाहेर जायच्या.

बांगलात बोलली ते मी मराठीत लिहिते. तेव्हा इथे ज्या मोठ्या बाई होत्या, आता नाहीत त्या, त्यांना फोटोचा फार ध्यास. चांगला फ्रॉक एकच होता, लाल ठिपक्यांचा, तो खास फोटोसाठी ठेवलेला. पण नुसता फ्रॉक घालून काय होतंय, पोरं बसायला हवीत ना. स्टुलावर ठेवलं की रडायची, पळायची, तोंड फिरवायची. शेफाली बसायची. "मला बसायला आवडायचं," म्हणाली. "सगळे गप्प होऊन माझ्याकडे बघायचे." मग बाईंनी रीतच करून टाकली. जी मुलगी नीट बसणार नाही, तिच्याऐवजी शेफालीचा फोटो पाठवायचा. त्यांचं म्हणणं, फोटो काय, माणसाला दारापर्यंत आणण्यापुरता. एकदा आले, पोर मांडीवर बसलं, की कोण फोटो बघतंय. आणि शेफालीला द्यायचं नव्हतंच कुणाला. तिची आई होती, जिवंत, अधूनमधून रविवारी यायची आणि कागदावर सही करायला नाही म्हणायची. नंतर यायचीही बंद झाली, पण तोवर ही मोठी झाली होती.

मी विचारलं, कितींच्या घरी गेला असेल. ती म्हणाली, माहीत नाही, बऱ्याच. मग म्हणाली, अगदी साधेपणाने, जसं आपण भाजीवाल्याचं सांगतो तसं, "लोक माझा फोटो हातात घेऊन यायचे आणि दुसऱ्या मुलीला घेऊन जायचे. मी आधी पुढे पुढे करायचे. मग बाई मला स्वयंपाकघरात पाठवायला लागल्या."

मी रडले, तिच्यासमोर, पोरांसमोर. तिनेच मला पाणी आणून दिलं.

तुझी आई कोण, कुठली, ते तिथे कुणालाच माहीत नाही. तू इथे आलीस ती पोलिसांकडून, सियालदा स्टेशनात सापडलेली, एवढंच दीदींनी शोधून सांगितलं. हे मी तुझ्यापासून लपवलेलं नाही, मलाच माहीत नव्हतं. भाजल्याची खूण तेव्हाही होती. तेवढी आपली खरी.

निघताना मी फोटो पिशवीत घालायला लागले तर शेफालीने हात धरला. म्हणाली, "टुनी कशी आहे?"

टुनी. तुझं ते आश्रमातलं नाव, बाबा हाक मारायचे ते, मी तिला सांगितलंच नव्हतं. मी फक्त माझी मुलगी म्हणत होते. मी म्हटलं, तुम्हाला टुनी आठवते? तर तिने फोटोच्या डाव्या कडेवर नख टेकवलं, त्या धुरकट पोरावर. "ही काय. ही माझा फ्रॉक सोडायची नाही. दिवसभर धरून असायची, झोपायचीही धरून. फोटोवाल्याने ओढून बाजूला केली तरी परत आली. शेवटी त्याने म्हटलं, राहू दे, कड झाकता येईल."

तो हात तुझा आहे, वैदेही. पुठ्ठ्याखाली तू होतीस.

थांब, अजून आहे. ती म्हणाली, "तुम्ही हिरवी साडी नेसला होता. हातात फोटो होता. टुनी माझा फ्रॉक सोडेना, म्हणून तुम्ही खाली वाकून तिची बोटं सोडवलीत. एकेक करून. हळूच, दुखू न देता. वर बघितलं नाहीत."

मला ती बोटं आठवतात. चिकट होती, लिमलेटची गोळी खाल्लेली. तू केवढ्याने ओरडत होतीस. कुणाचा तरी फ्रॉक होता हेही आठवतं, मळका, निळा. त्या फ्रॉकात कोण आहे हे बघायचं मला सुचलं नाही. तुला उचललं आणि निघाले. हातात जिचा फोटो, ती समोर उभी होती.

मग तिने विचारलं, "अजून काहीतरी धरूनच झोपते का?"

मी म्हटलं, आता लग्न झालंय तिचं. आणि बाहेर येऊन ऑटोत बसले. माझ्या पदराचं ते टोक, तू दहावीत जाईपर्यंत धरून झोपायचीस ते, सगळ्या साड्यांचं विरलेलं आहे अजून.

आई


७ जानेवारी २०२६

वैदेही,

परवा दुपारी फोन आला तो तुझाच होता. नंबर लपवला असलास तरी फोनवरचा श्वास मला कळतो, नोकरी केलीय मी. तू बोलली नाहीस, मीही बोलले नाही. तुझ्याकडे कुकरच्या शिट्ट्या झाल्या. तू उठून गॅस बंद केलास आणि परत येऊन रिसिव्हर, म्हणजे आपला तो मोबाइल, कानाला लावलास. मग ठेवलास. मला पुष्कळ झालं तेवढं. मी नंतर पोटभर जेवले.

मूळ फोटो मी शेफालीला देऊन आले. तुला न विचारता दिला. तू मागितला होतास आणि मी तुला द्यायचं कबूल केलं होतं, पण तो तिचा आहे. तिला मी म्हटलं, तुझा फोटो माझ्या घरी राहिला होता, उशीर झाला आणायला. तिने तो कुठे लावला नाही. गादीखाली ठेवला, बाकीची पोरं हात लावतील म्हणून. तुला एक सांगते. आता ती फोटोच्या दिवशी कुठल्याच पोराला दुसऱ्याचे कपडे घालू देत नाही. जे असेल ते, ठिगळ असलं तरी स्वतःचं. आणि पोर बसलं नाही तर फोटो हललेलाच जातो. दीदी वैतागतात, ती ऐकत नाही.

भिंतीवरचा चौकोन मी तसाच ठेवलाय. रंगवणार होते, नको वाटलं. बाबांचा विचार येतो तो बघून. रोज ऑफिसला निघताना ते फ्रेमचा डावा कोपरा जरासा वर ढकलायचे आणि "टुनी, येतो गं" म्हणायचे. मला वाटायचं फ्रेम तिरकी होते म्हणून. फ्रेम करायला टाकली होती ती त्यांनीच, दुकानात तेच गेले होते. त्यांना माहीत होतं का? असेल तर मला का नाही सांगितलं, म्हणून मी दोन दिवस त्यांच्या फोटोशी भांडले. मग वाटलं, सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? तुला परत नेऊन दिलं असतं का? नसतं. पण तुझ्याकडे बघताना प्रत्येक वेळी त्या दुसरीला शोधलं असतं. ते त्यांनी होऊ दिलं नाही, असं मी आता धरून चालते. खरं काय ते विचारायला माणूस नाही.

ती दुसरी मात्र गेली नाही हं घरातून. सकाळी चहा घेताना अजून तिथे असते. पण आता तिला नाव आहे. दर रविवारी मी बेहालाला जाते, तिच्याबरोबर पोरांच्या वेण्या घालते. मला नीट येत नाहीत. ती त्या सोडवून परत घालते.

सोबत तुझा फोटो आहे. एस्प्लनेडच्या त्या माणसाकडून डावी कड तेवढी मोठी करून घेतली. तो म्हणत होता, काकीमा, यात काही नाही, धुकं आहे नुसतं. मी म्हटलं, तू कर.

चेहरा नाही त्यात, आधीच सांगते. तू हललीस. डोकं म्हणजे एक धुरकट गोळा आहे, एक कान अर्धा कळतो, चिकटलेला. बाळ कुणावर गेलं ते यावरून कळणार नाही. मी फार शोधलं, भिंग लावून शोधलं, तुला देण्याजोगं नाक नाही की डोळे नाहीत. पण हात बघ. तू सगळी हललीस, हात हललेला नाही. चारी बोटांची नखं दिसतात. अख्ख्या तुला त्या दिवशी तिथून ओढून काढत होते आणि तेवढा एक हात स्थिर आहे.

बाळ आलं की त्याच्या तळहातावर बोट ठेव. डॉक्टर म्हणतील सगळीच बाळं धरतात. म्हणू देत.

आता माझं. पहिलं बाळंतपण आईकडे असतं, पण तू इथे येणार नाहीस आणि आता प्रवासही करू नकोस. मी येते. तुला नको असेल तर उन्मेषजवळ तसं सांग, मी पुण्यात श्रीकांतमामाकडे राहीन, हॉस्पिटलच्या बाकावर बसेन, तुझ्यासमोर येणार नाही. पण येणार. तुझी बोटं मी एकदा सोडवली ती कुणाच्या फ्रॉकावरून, हे मला आता कळलंय. तेवढ्यात तू माझा पदर धरलास आणि मला वाटलं, मुलं अशीच असतात, जे समोर येईल ते धरतात. तसं नव्हतं ते. तुझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. तेराव्याच्या दिवशी मी तोच पदर तुझ्या हातून ओढून घेतला. मला त्याचं दुःख आहे, वैदेही, आणि ते तुला तोंडावर सांगायचंय.

ब्लॉक कर हवं तेवढं. मी काही सोडायची नाही आता.

आई

ता. क. दुपटी शिवली आहेत, त्या हिरव्या साडीची. ट्रंकेत होती, मऊ झालीय छान. एका कोपऱ्याची शिवण मुद्दाम मारलेली नाही, तेवढं टोक धरायला मोकळं ठेवलंय.